उंदीर शेतात, सूज डोळ्यात

दोन हजार चोवीसचा भाद्रपद, गौरी-गणपती नुकतेच बोळवलेले, आणि तुमाला सांगतो, माझा उजवा डोळा असा लाल, असा लाल की आमची बायको हौसा ताट पुढे सरकवायची ती पण पाठ फिरवून! "बघू नका माझ्याकडे, डोळे आलेत तुमचे, मला लागतील!" अगं, नवरा हाय मी, ग्रहण नाय! आणि डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला, म्हणजे कामाचा काय तो हाच. तो ठणकतोय, उजेड सोसवत नाय, समोरचा माणूस धुक्यात...

गेलो पनवेलला डॉक्टरीणबाईकडे. वय नातीएवढं. यंत्रावर हनुवटी टेकवली, डोळ्यात उजेड मारला, आणि विचारते काय? "आजोबा, सांधे दुखतात? तोंड येतं? खोकला? मध्यंतरी ताप आला होता?"

आता तुमीच सांगा! डोळा एकच, आणि चौकशी सगळ्या अंगाची!

म्हटलं, "नाय. मी आजारी पडत नाय."

हौसा मागून लगेच, "नाय कसा? भातलावणीच्या वेळेला गोधडीत थडथड उडत होता की!"

घ्या! अहो, आमच्याकडे लावणीत जो पुरुष घरी झोपला त्याला बायका आवणाची रोपं लावता लावता गाण्यात घालतात, वर्षभर पोरंटोरं तेच गातात! म्हणून ताप अंगावर काढला. गुडघाभर चिखलात उभा राहिलो, बोललो नाय कुणाला. आणि ही बया बोलली ती थेट डॉक्टरपुढे!

"पायाला जखम होती?" बाई विचारते.

"भेगा हायत. शेतकऱ्याच्या पायाला काय मेंदी असते?"

डोळ्यावरून पायापर्यंत पोचली! डोळा एकच, आणि चौकशी सगळ्या अंगाची! मग रक्त काढा, छातीचा फोटो काढा... चार दिवसांनी म्हणाली, "आजोबा, तो ताप लेप्टोचा होता. शेतातल्या पाण्यात उंदराची लघवी मिसळते, भेगांतून जंतू आत जातात. त्यांच्याशी लढायला शरीराची फौज उठते. कधीकधी जंतू गेले तरी फौज थांबत नाही, आपल्याच डोळ्यावर चालून जाते. खात्रीनं नाही सांगता येत, पण तुमचं तसंच दिसतंय."

कळलं की मला! गेल्या साली रानडुक्कर शिरलं, गावची पोरं काठ्या घेऊन धावली, डुक्कर केव्हाच डोंगरात, आणि पोरं आपली माझंच भात तुडवतायत! तसंच हे. येताना नाक्यावर लोक विचारायचे, "काका, डोळ्याला काय झालं?" काय सांगू? उंदीर मुतला!

पण बाई पुढे म्हणाली, "दर तासाला थेंब घाला. हयगय केलीत तर हा डोळाही जाईल." तेव्हा मात्र बाटली मुठीत घट्ट धरून घरी आलो.

थेंब घालणार कोण? हौसा बघायला तयार नाय. मी घातला तो पहिला मिशीत, दुसरा कानात! तेवढ्यात शेजारची ठमाबाई, माझी चुलत भावजय, कुंपण ओलांडून आली. शेवग्याच्या शेंगांवरून आमचं बोलणं बंद. बाटली हिसकावली. "वर बघा. आणि बोलायचं नाय, आपलं बोलणं बंद हाय." टप्प! थेंब बरोबर मध्ये. दर तासाला यायची, भाजी चुलीवर टाकून यायची. बोलली नाय. मी पण नाय. डोळा राहिला.

या माघात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिची सून खारघरला कामावर, दिवसा घरात कुणी नाय. टोपी चढवली, गेलो. पहिला थेंब गालावर, दुसरा पदरावर. "डोळ्यात घालताय का आंघोळ घालताय?" म्हणाली. घ्या! बोलणं बंद ना? मी तिसरा घातला, डोळ्यात. रोज गेलो. दारात उभा राहून भावकी हसली, तरी गेलो. तिच्या डॉक्टरनं सांगितलेल्या शेवटच्या दिवशी शेवटचा थेंब घातला, बाटलीचं झाकण लावलं, घरी आलो.

फिटलं.