दोनदा ‘आउगुरी’

आपली बायको वारल्याचं कळवणारं जुन्या मित्राचं, दारियोचं पत्र येऊन तीन महिने झाले होते. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या ओरेस्तेला उत्तरासाठी एकही शब्द पुरेसा वाटत नव्हता. आज इटलीतल्या लुक्का शहराच्या पोस्टात बिल भरायला तो उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारी आणि तिला सांभाळणारी मोल्दोव्हाची बाई बोलत होत्या.

“सिन्योरा, नवरा वारलेल्या बाईला ‘आउगुरी’च म्हणतात ना?”

“अगं बये, ते वाढदिवसाला, लग्नाला म्हणतात. कुणाला म्हणालीस?”

“खालच्या पिएरिनाबाईंना. हात हातात घेऊन. दोनदा.”

“दोनदा? मग?”

“आधी हसल्या. मग रडायला लागल्या. तासभर हात सोडला नाही माझा.”

“दुःखात ‘कोंदोल्यांत्से’ म्हणावं. म्हण बघू.”

“कोंदो... जमत नाही हो. तुम्ही कसं म्हणालात त्यांना?”

“मी अजून गेलेच नाही.”

“शेजारी असून?”

“नीट काय बोलावं, सुचेना.”

“आज जाऊ. मी आहे बरोबर.”

“तू गप्प बसशील?”

“बसेन. तुम्हीही बसा.”

ओरेस्तेचा नंबर आला तेव्हा त्याने बिल खिशातच ठेवलं, एक कार्ड आणि तिकीट मागितलं. उभ्याउभ्याच लिहिलं, “दारियो, काय लिहावं सुचत नाही. रविवारी येतो.”

पुन्हा न वाचता त्याने ते बाहेरच्या लाल पेटीत टाकलं.