फडकं कोन धरंल?

...न्हाई, मोटार फटफटायली म्हणून बोंब मारायला सगळं बोरी गाव तयार, पण मागं बसून ओलं फडकं धरा म्हणलं की एकेकाला शेतातली कामं आठवत्यात! तुमाला सांगतो, हे एकट्याचं काम न्हाई. धुराच्या पाईपाला फट पडली तर ती दिसत न्हाई हो, ऐकावी लागती. एकानं मागं बसून पाईपाचं तोंड ओल्या फडक्यानं दाबायचं, धूर कोंडला की फट जिथं असंल तिथून फुस्स करती, आन् दुसऱ्यानं मोटारीखाली उताणं पडून कान लावायचा. आता मी एकटा, कान लावू का फडकं धरू?

पैले फडकं कोन धरायचं? खुद्द आबासाहेब! मोटारीचे मालक, मी त्येंचा डायव्हर. गावात त्येंच्यापुढं बसायची कुणाची छाती न्हाई, आन् हा माणूस धोतर खोचून धुरात उकिडवा बसायचा, डोळ्यातून पाणी गळायलंय, आन् मागून इचारायचा, "वैजीनाथा, घावली का?" मला कवाच घावलेली असायची. पण मी म्हणायचो, थोडं धरा अजून. तेवढाच येळ आमी दोघं निवांत बोलायचो हो...

मंग आबासाहेब लेकाकडं हैदराबादला गेले. जाताना म्हणले, मोटार तुला दिली, पण विलायतेतून आली तशीच ठेव, दुसऱ्या गाडीचा खिळा लावू नको. ठेवली! राज्यं बदलली, हैदराबाद तिकडं गेलं, आमचा मुलूख मुंबई राज्यात आला, मोटार हाय तशीच. परभणीचा मिस्तरी म्हणतो कसा, "कापून ट्रकचा पाईप जोडतो, जनमभर बघायला नको." म्हणलं, तुझ्या आज्याचे दात पडले तर बैलाचे बसवशील का?

मंग गूळ-चुना कालवला आन् अंदाजानं थापला. इंजन तापलं, आन् सगळ्या गल्लीत गुऱ्हाळाचा वास! शेजारची धुरपताबाई गडवा घेऊन हजर, काकवी मागायला. म्हणलं, मावशी, आलाच हाव तर जरा फडकं धरता का? गेली की गडव्यासगट! सांगतो ना, हे एकट्याचं काम न्हाई.

शेवटी काय केलं? पाईपाच्या तोंडावर ओलं पोतं, पोत्याला वीट, विटेला धोंडा. खाली पडलो, कान लावला... फुस्स! तसाच वरडलो, घावली हो, घावली! आन् मागं कोन? वीट. तिला काय सांगायचं?

फट पाईपाच्या सांध्यात होती. तांबटाकडून तांब्याची पातळ कडी ठोकून आणली, सांध्यात बसवून नट आवळले, पाईप जुनाच, नट जुनेच, फट बंद. मोटार अशी गुपचूप चालायली की म्हशीसुदीक मान वर करीनात. आता माझी हुशारी बघा. लगेच आबासाहेबाला कार्ड टाकलं, फट बुजली, तुमच्या जागी वीट ठेवली, काम बराबर झालं. त्येंचं उलट कार्ड आलं: "वैजीनाथा, मोटार फटफटायली असं कानावर आलं होतं. फडकं धरायला येणारच होतो, रेल्वेचं इचारूनबी ठेवलं होतं. वीट धरायली तर माझं काय काम? छान झालं."

बघा! येणारा माणूस माझ्या हातानं घालवला. लय जिवाला लागलं. म्हणलं, दुसरं कार्ड लिहू, फट पुन्हा पडली, वीट काय टिकंना, या. पण आबासाहेबाला खोटं लिहायचं? उभ्या जन्मात लिहिलं न्हाई! म्हणून आधी पाना घेतला, मोटारीखाली गेलो, दोन नट दोन-दोन आटे ढिले केले. हे मात्र एकट्याचं काम. इंजन चालू केलं, फटफट नीट ऐकली, आन् मंगच कार्ड टाकलं.

त्याला आज बावीस दिवस झाले. मोटार मात्र लय झकास फटफटायलीय.