दोन ठोके

नाही, ते वाक्य परत वाचा, मॅडम. सावकाश वाचा. ‘ठोक्यांची अशी कोणतीही खूण आमच्यात नव्हती’ — असंच लिहिलंय? आणि खाली सही त्याची? वा रे वा! माझा मेहुणा हो तो. आत चहा करतेय ना, तिचा धाकटा भाऊ. जरा हळू बोलू या, तिला अजून माहीत नाही — म्हणजे असेलही, तीन दिवस झाले, माझ्याकडे बघून बोलत नाहीये.

चौकशीला आलात ते ठीक, पण काम चालू असताना बोगद्यात कधी उभ्या राहिलात? नाही ना, मग ऐका. आम्ही काँक्रीट थापत नाही, मारतो. मागे साठ पावलांवर पंप, तिथे तो. तिथून लोखंडी पाइप, शेवटचा तुकडा दंडाएवढा जाड रबरी, आणि पुढे नोझल धरून मी. हवेच्या जोरावर माल सुटतो. भिंतीपासून तीन हात लांब, नोझल अगदी काटकोनात, खालून वर जायचं, हात असा गोल गोल फिरवत — तिरका मारलात की अर्धा माल उडून तुमच्याच अंगावर. एकवीस वर्षं मारतोय. माझी भिंत ठोकून बघा, कुठे पोकळ वाजली तर मिशी उतरवीन. हसा, हसा. मिशी आहे अजून, डोळाच काय तो गेला.

तर, आवाज. तिथे आवाज असा की स्वतःची शिवी स्वतःला ऐकू येत नाही. आणि पाइप तुंबतो. तुंबला की पंप उलटा फिरवायचा, आतलं प्रेशर उतरवायचं, आणि जो पाइपच्या सांध्यावरचा क्लॅम्प उघडणार त्याने स्वतः पंपापाशी जाऊन गेजचा काटा शून्यावर आलेला बघायचा — हा नियम. पण दिवसातून चार वेळा तुंबतं, मॅडम! साठ पावलं जा, साठ पावलं या, तोवर माल आत घट्ट. म्हणून प्रेशर उतरलं की त्याने हातोडीने पाइपवर दोन ठोके द्यायचे. एक — जरा थांबून — दुसरा. मी पाइपवर तळहात ठेवून असायचो. ठोके हाताला कळले की उघडायचं. कोणी काढली ही खूण? मीच. हे लिहू नका — बरं, लिहा, आता काय लपवायचं. त्याला पंपावर मीच बसवला, शिकवला मीच, वाईटही मीच शिकवलं.

त्या दिवशी हाताला दोन ठोके लागले. मी उघडलं. चष्मा? कपाळावर होता. काचेवर सिमेंट चढलं होतं, क्लॅम्प दिसेना, म्हणून वर केला. तेही लिहा. माझं जे चुकलं ते माझ्या नावावर टाका, मी नाही म्हणत नाही. पण ठोके आले होते, मॅडम! माल तोंडावर आला तेव्हा हाच धावत आला, माझं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यात पाणी ओतत होता आणि रडत होता — ‘दाजी, पंप उलटा फिरवायचा राहिला, ठोके सवयीने दिले.’ आणि मी काय म्हटलं असेन? ‘गप्प बस. हे कोणाला बोलू नकोस. गेज अडकलं होतं म्हणून सांगतो मी.’

हो, खोटं सांगणार होतो. आज तुम्हाला तेच सांगायचं ठरवून बसलो होतो, सकाळपासून घोकतोय. मी त्याच्यासाठी खोटं बोलायला तयार, आणि तो माझ्या आधी खोटं बोलून मोकळा! डोळ्याचं दुःख होतंच, पण हे — हे नाही सहन होत मला. डॉक्टर म्हणतात, एका डोळ्याने अंतराचा अंदाज पुन्हा बसेल. पण ‘स्वतःच्या मर्जीने क्लॅम्प उघडला’ असा शेरा बसला तर माझं नोझलचं कार्ड कायमचं रद्द. मग मला कोण उभं करणार भिंतीपुढे? दुसरं काही येत नाही हो मला.

सही? आता सांगितलं त्या माझ्या जबाबावर मी सही करायची? राहू द्या. चहा घ्या आणि निघा. इतक्या गल्ल्या, घर सापडलं कसं तुम्हाला? तो? त्याने दाखवलं? मग वर का नाही आला?

थांबा.

ऐकलंत? एक — जरा थांबून — दुसरा. दाराला बेल आहे आमच्या, चालू आहे, सगळे तीच वाजवतात. लिहा, मॅडम. खूण होती म्हणून लिहा.

अगं, तू कुठे निघालीस? तो कप ठेव खाली. कडीला हात लावू नकोस. ह्या ठोक्यांवर मी एकदा उघडलंय.