कुंदनच्या नावाचं फोल्डर

रत्ना : तोंड फिरवू नकोस, कुंदन. कानबाईची गाणी ठेवायला तुला तुझ्याच नावाचं फोल्डर सापडलं?

कुंदन : रत्नाताई, हळू बोल. माय आत रोटांच्या नैवेद्याचे गहू पाखडतेय.

रत्ना : हळू कशाला? सुरतेला दिलेल्या आपल्या पोरींचे सकाळपासून फोन येताहेत. वेबसाइट उघडत नाही, रविवारी कानबाई देवी बसणार, जागरणाला म्हणायचं काय? काय सांगू त्यांना?

कुंदन : सांग, सर्व्हरचं काम चालू आहे.

रत्ना : वर खोटंही बोलू? जळगावला तुझ्या कॉलेजात फोन केला मी. सर्व्हर सांभाळणारे आकिबसर बोलले. म्हणाले, कुंदनभाऊंनी नोकरी सोडली तसं त्यांचं खातं काढलं, खात्याबरोबर त्यांचं फोल्डरही गेलं. अख्खी वेबसाइट त्यात होती!

कुंदन : निदान मला विचारायचं तरी.

रत्ना : विचारलं होतं त्यांनी! 'काही ठेवायचं आहे का?' म्हणून. तू काय सांगितलंस?

कुंदन : प्राचार्यांशी वाजलं होतं त्या दिवशी. डोकं फिरलं होतं माझं.

रत्ना : काय सांगितलंस?

कुंदन : म्हटलं, माझं इथे काही नको. सगळं पुसून टाका.

रत्ना : तुझं? ते तुझं होतं? तुझी माय आणि तिच्या जोडीनं गाणाऱ्या लताबाई घसा बसेपर्यंत गायल्या. धुळ्याहून एस.टी.नं येऊन मी त्यांच्यापुढे मोबाइल धरून बसले. तू फक्त चढवलंस.

कुंदन : तेही फुकटच चढवलं ना?

रत्ना : उपकार झाले! मी तेव्हाच कानीकपाळी ओरडत होते. वेबसाइटचं सामान ठेवायला सर्व्हरवर सगळ्यांची अशी वेगळी जागा असते. 'व्हार' नावाच्या फोल्डरमध्ये ठेव, नाहीतर 'एसआरव्ही'मध्ये ठेव. माणसं आली-गेली तरी तिथलं सामान जागेवर राहतं.

कुंदन : तिथे ठेवायला आकिबसरांची परवानगी लागायची. त्यांच्यापुढे हात जोडून कोण उभं राहणार? माझ्या फोल्डरमध्ये कोणाला विचारावं लागत नव्हतं.

रत्ना : म्हणजे ठेवतानाही तुझा ताठा आणि पुसतानाही तुझाच!

कुंदन : बॅकअप काढला होता मी.

रत्ना : कुठे?

कुंदन : काढला होता, खरंच.

रत्ना : कुठे, कुंदन?

कुंदन : त्याच फोल्डरमध्ये. बाजूला.

रत्ना : धन्य आहे तुझी!

कुंदन : आणि तू मोबाइलमधलं मूळ का पुसलंस?

रत्ना : तू म्हणालास म्हणून! 'सर्व्हरवर गेलं म्हणजे अमर झालं, मोबाइल रिकामा कर.' आणि कोणी चोरू नये म्हणून गाणी उतरवून घ्यायची सोयही तूच बंद केलीस. आता सुरतेच्या एका पोरीकडेसुद्धा एक गाणं नाही.

(कुंदनची माय भिकुबाई हातात सूप घेऊन ओट्यावर येते.)

भिकुबाई : काय व्हयनं वं रत्ना? गल्लीभर आवाज जाई राहिना तुना.

रत्ना : आत्या, तुमची गाणी गेली. तुझी आणि लताबाईंची.

भिकुबाई : कोठे गयात?

कुंदन : माय, आकिबसरले इचारानं नको म्हनीसन मी त्या मना नावना फोल्डरमा ठेवेल व्हतात. मी नोकरी सोडी, त्यास्नी बठ्ठं पुसी टाकं.

भिकुबाई : तुना नावना? कानबाई कोना एकना नाववर बठस का रे? औंदा मना घर, पुढला साल जेठना घर. रोट बठ्ठा भाऊबंदना. मंग गाना तुना एकलाना कधी व्हयनात?

कुंदन : चुकनं, माय.

भिकुबाई : चुकनं म्हने! लताबाईनी खोकली खोकली शेवटलं गानं पुरं करं, मनाजोडे बठीसन. पौषमा मरी गई ती. आन तुले एक माणूसले इचारानी लाज वाटनी?

कुंदन : आते परत मोबाइलमा भरूत ना, माय. आकिबसरले मी सोता इचारसू. त्या म्हनतीन त्याच जागावर ठेवसू. तू गाय.

रत्ना : मोबाइल मी धरते. तू हात लावू नकोस. गा आत्या, चालू केलाय.

भिकुबाई : (सूप खाली ठेवून पहिली ओळ गाते आणि थांबते.)

रत्ना : छान! पहिली ओळ आली. थांबलीस का? पुढे म्हण ना.

भिकुबाई : मनी ओय सरनी वं. पुढली लताबाई म्हने.

कुंदन : तीबी तूच म्हन ना, माय.

भिकुबाई : ती म्हने ना रे. मी शिकनूच नही.