उजवा स्पीकर

न्हाई न्हाई, खराबी काहीच न्हाई त्याच्यात, तेच तर सांगायलोय तुमाला. बसा आधी. पिंगळीहून एवढ्या उन्हात आलात, आन आल्या आल्या डब्बा उचलून चाललात व्हय. वायरी मी बांधून ठेवल्यात, चिठ्ठ्या लावल्यात — ही पुढच्या स्पीकरची, ही मागच्याची. चौदा वर्षं झाली हा रिसिव्हर घरात हाय. टीव्हीचा आवाज ह्याच्यात येतो, आन हा पाच स्पीकरला वाटून देतो, वरून त्यो एक धमधम करणारा येगळा. आमच्या ह्या झरी गावात पहिला होम थेटर माझ्या घरी आला, कुणालाबी इचारा. मिस्त्रीचं घर म्हणलं की सांगतेत. मिस्त्री म्हंजे टॅक्टरचा — एकतीस वर्षं गॅरेज चालवलं मी.

मग इकता कामून, म्हणता? खराब झाला म्हणूनच काढला होता. म्हंजे खराब न्हाई, मला तसं वाटलं होतं. झालं आसं, दोनएक वर्षांपसून ह्याच्यातलं बोलणं समजंना. गाणं लागलं की धमधम बरोबर, पण माणूस बोलायला लागला की नुसती पुटपुट — तोंडात सुपारी धरल्यावानी. मी आवाज वाढवायचो. पिंकीची माय, म्हंजे आमची बायको, ती म्हणायची, कमी करा, पत्रे हालायलेत. मी म्हणायचो, तुला आवाजातलं काय कळतंय. आता मी कोण? लांब पेचकस, म्हंजे स्क्रूडायवर, इंजनाला टेकवायचा, मुठीला कान लावायचा, आन सांगायचं, दोन नंबरचा नोझल गेला. खोलायची गरज न्हाई. मानवत, जिंतूरहून लोक यायचे माझ्या कानासाठी. आसा कान आसल्यावर चूक कुणाची? डब्ब्याचीच की. वायरी बदलल्या, वरचे स्पीकर खाली आणले, खालचे वर नेले, कपाट सरकवलं. कुणीतरी म्हणलं आवाज घुमत आसल, तर भितीला गोधड्या टांगल्या. पंधरा दिवस पाव्हणे यायचे आन हळूच इचारायचे, घरात बाळंतीण हाय का.

शेवटी परभणीहून नवा रिसिव्हर आणला. त्यो बघा, काळा. बसवायला दुकानाचा फिटर आला, सिद्धोधन नाव, चाळिशीतला, लय शांत माणूस. त्यानं एक बारकं माईक मी बसतो त्या जागी स्टुलावर ठेवलं. म्हणला, रिसिव्हर एकेका स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजवील, माईक ऐकल, आन आवाजाचं माप आपोआप बसल. ते झालं, मग म्हणला, काका, आता तुमी बसून ऐका. समोरून शिट्टी आली. डावीकडून आली. उजवीकडून — काहीच न्हाई. मी म्हणलं, उजवा स्पीकर बंद हाय. त्यो म्हणला, वाजतोय काका. मी म्हणलं, न्हाई. त्यानं वायर बदलली. न्हाई. डाव्या बाजूचा स्पीकर काढून उजवीकडं टांगला, उजवा डावीकडं. न्हाई. मग माझं डोकं फिरलं. म्हणलं, डब्बाच फसवा दिलाय तुमी, घेऊन जा परत, एकतीस वर्षं कानावर धंदा केलेल्या माणसाला शिकवायलात का. सिद्धोधन पाणी पिला. म्हणला, काका, जरा खुर्ची फिरवा, टीव्हीकडं पाठ करून बसा. बसलो. आता त्यो बंद स्पीकर आला माझ्या डाव्या हाताला — आन वाजायला लागला. खणखणीत. आन मघाशी जो खणखणीत होता, त्यो बंद पडला.

पिंकीची माय दारात उभी, हातात पाखडायचं सूप, त्यात सोलायचा लसूण. सिद्धोधन खाली बघून वायर गुंडाळायलाय. मी तीनदा खुर्ची फिरवली, भाऊ. तीनदा.

उजवा कान गेलता. पेचकसाचा कान.

हासा, हासा, पण पुढचं ऐका. पिंकीची माय बसते कुठं? माझ्या उजव्या हाताला. पोरीचं लगीन झाल्यापसून रोज संध्याकाळी मी खुर्चीवर, आन ती उजवीकडं खाली, लसूण सोलत न्हाई तर डाळ निवडत. मला दोन वर्षं वाटायलं, ही आपल्याशी बोलतच न्हाई. लेक सासरी गेली, हिचं मन उडालं, आपुन कामून इचारावं. मीबी गप. आन तिला काय वाटायलं? मी जवाब द्यायला तयार न्हाई. दोघंबी एकाच खोलीत रुसून बसलेलो, खामखा, आन टीव्ही फुल आवाजात.

हे तुमाला कशाला सांगायलोय मी. च्या घ्या. — न्हाई, आता निघालंच हाय तर सांगतो. तिची बहीण हाय गंगाखेडला, चांगुणाबाई. दिवाळीच्या आधी पाय मोडला तिचा. ही मला तीन दिवस इचारत होती, जाऊ का तिच्यापशी. तिसऱ्या दिवशी म्हणे मी टीव्हीवरच्या बातमीला मुंडी हालवली, न्हाई म्हणल्यावानी. ही गेली न्हाई. बहिणीनं बोलणं सोडलं. खुर्ची फिरवली त्या दिवशी ही माझ्या डाव्या बाजूला आली आन हे सांगितलं, आवाज न चढवता. शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं दोघं गंगाखेडला. चांगुणाबाई काठी घेऊन चालायलीय आता. मी म्हणलं, अक्का, चूक हिची न्हाई, माझ्या कानाची हाय. तिनं मला अर्धा तास झाडलं. आन खरं सांगू, गडबडीत मी गेलेला कान तिच्याकडं करून बसलो होतो, निम्मं ऐकूच आलं न्हाई. मुंडी हालवत होतो नुसती. हिच्या ध्यानात आलं. उठली, माझ्या हाताला धरलं, पलीकडच्या बाजूला बसवलं आन बहिणीला म्हणली, आता पहिल्यापसून सांग. चांगुणाबाईनं सांगितलं पहिल्यापसून. तिसऱ्या शिवीला दोघी बहिणी हासायला लागल्या. मी कशाला हासतो, पण बरं वाटलं.

आता मशीन हाय कानात, हे बघा. पंखा करकर करतो हे मला मालूमच नव्हतं. सैपाकघरात पिंकीची माय माझ्याबद्दल काय काय म्हणती, तेबी आता कळायलंय. लय वर्षांपसून म्हणत आसणार, सवय दिसती.

तर तुमी कुणासाठी न्यायलात हा? आईसाठी? बरं. — काय म्हणलात? टीव्हीतलं बोलणं समजत न्हाई तिला. आवाज फुल करती. आन तुमच्याशी? सून आल्यापसून घुम्यावानी बसून ऱ्हाती... तिला सून आवडली न्हाई, आसं वाटतं तुमाला. सुनेलाबी तसंच वाटतं. किती दिवस झाले? सहा महिने.

ठेवा त्यो डब्बा खाली. न्हाई, इकायचा न्हाई मला. जास्त दिले तरी न्हाई. परभणीला कानाचे डाक्टर हायत, हा घ्या नंबर, आईला घेऊन जावा, आजच फोन करा. नंतर गाणी ऐकायची हौस वाटली तर या, फुकट घेऊन जावा. आन घरी गेल्यावर बायकोला आधी सांगा हे. बसू नका आता, उठा. च्या राहू द्या. जावा म्हणलं ना. — वायरीबी ठेवा तिथंच.