आधी जेव, मग बोलू

बोलावं कसं, हे शिकवायला आता मास्तर ठेवत्यात म्हनं. ठेवा बापडे! मोठ्या लढाईत आमचा शिरपा रजेवर आला, तवा पलटणीतल्या दोन मेलेल्या गड्यांची बातमी त्यांच्या घरी सांगायची हुती. ते उरकून मगच त्यो आपल्या घरी जानार हुता. मी संगं गेलो.

म्हसवडला त्यानं उंबऱ्यावरच सांगून टाकलं. आई तिथंच कोसळली. सुतकाच्या घरात चूल पेटली न्हाई, म्हातारा बाप उपाशीच पडून ऱ्हायला.

वाटंत शिरपा म्हनला, "चुकलं रं. आधी दोन घास पोटात जाऊ द्यायला पायजे हुते."

आटपाडीला त्यानं सगळ्यांना बळंच जेवायला बसवलं आन् हात धुतल्यावर सांगितलं. रडारड झालीच, पन कोन उपाशी न्हवतं.

मी म्हनलो, "ह्या बारीला जमलं गड्या."

"आसलं काम जमूच नये," त्यो म्हनला.

मग त्याच्या घरी आलो. बाप लगबगीनं फुडं आला. "आलास व्हय? आधी जेव, मग बोलू." आन् सोताच ताट वाढून घिऊन आला.

शिरपानं भाकरीला हात लावला न्हाई.

"आबा," त्यो म्हनला, "आय कवा गेली?"