ग्रहणात चिरलेली गवार

शनिवारच्या सूर्यग्रहणावरचं भाषण ऐकून मी विद्यापीठाबाहेर भोसरीच्या बसला उभी होते. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमधली माझी चिठ्ठी सरांनी सगळ्यांत आधी वाचली होती, त्यामुळे मी हवेतच होते. रांगेत माझ्या पुढे एक आजी आजोबांना म्हणत होत्या,

"सुनेला शनवारी कोंडायचं न्हाई. गिराणानं पोटातल्या पोराला काय बी होत न्हाई, ऐकलंत न्हवं?"

"ऐकलं."

"मग चिमाजीच्या येळंला मी गिराणात गवार चिरली, म्हणून त्याचा ओठ फाटका निघाला, हे तीस वरसं काय चाललंय?"

"आई म्हणायची तसं."

"त्यांस्नी जाऊन धा वरसं झाली. आता तुमीच म्हणताय."

आजोबा बस येते का ते वाकून बघू लागले.

"त्या साहेबानं फाटक्या ओठाची चिठ्ठी वाचली, ती कुण्या बाईनं दिली आसंल? माझ्यावाणीच गांजलेली दिसतीया."

"बाईनं न्हाई. म्या दिली."

"तुमी?"

"लई वरसं शंका व्हती मनात."

"शंका व्हती, आन् तरी मला बोल लावत ऱ्हायलात?"

बस आली.

"चढा म्होरं. घरी गेल्यावर चिमाजीला तुमीच सांगायचं. माझ्यासमूर."

ती माझीच बस होती, हे मला ती गेल्यावर आठवलं.